आडवे नट, उभे नट

वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात नाटकाचा विषय निघाला की पुढे काय विचारलं जाणार, हे सराईत वाचकाला चौकोन न पाहताही सांगता येतं. ‘एक थोर गायक नट’, पाच अक्षरं. ‘नाटकाच्या आरंभीचं गीत’, दोन अक्षरं. ‘अभिनेत्री’, दोन अक्षरं. बालगंधर्व, नांदी, नटी. पेन उचललं, तीन ओळी भरल्या, पुढे चला. सिनेमा-मालिकांतल्या नटांची तऱ्हा याहून सोपी: नाव दिलेलं असतं, आडनाव भरायचं, किंवा आडनाव दिलेलं असतं आणि नाव भरायचं. यात कोडं कुठे आहे? ही तर हजेरी झाली. पावणेदोनशे वर्षांहून जुनी रंगभूमी ज्या भाषेत आहे, जिथे नाटकांच्या जाहिराती आणि शब्दकोडं अनेकदा एकाच अंकात छापली जातात, तिथे कोडं रचणाऱ्यांनी रंगमंचाकडे नावांची यादी म्हणून पाहावं, हा आळस आहे. नटांची नावं कोड्यातून हद्दपार करा, असं मला म्हणायचं नाही. म्हणायचं ते एवढंच की रंगमंचाच्या कामातले शब्द हा मराठी कोड्याचा सर्वांत कसदार माल आहे, आणि नटाचं नावसुद्धा त्या कामाच्या वाटेने विचारलं तरच विचारण्यात अर्थ आहे.

नावांच्या या सवयीने काय होतं ते पाहायला अमेरिकेत जावं लागेल, कारण आधुनिक शब्दकोड्याचा जन्म तिथला. आर्थर विन यांचं पहिलं कोडं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आलं. पुढे तिथल्या कोड्यांत चौकोनांची जाळी इतकी दाट विणली जाऊ लागली की प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत बसलंच पाहिजे. अशा जाळीत स्वरांनी भरलेली छोटी नावं सोन्याच्या मोलाची ठरतात. उटा हेगन ही न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची मोठी अभिनेत्री; ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ’मधली पहिली मार्था तिने १९६२ साली केली, अभिनय शिकवला, त्यावर पुस्तक लिहिलं. कोड्यांच्या नादी लागलेल्या कितीतरी अमेरिकन लोकांना मात्र ती तीन अक्षरांची, त्यांतल्या दोन स्वरांची सोय म्हणून माहीत आहे. तिचं एकही काम न पाहता, तिने काय केलं हे न विचारता, माणसं तिचं नाव बिनचूक भरतात. नावाची घोकंपट्टी झाली की नट उरत नाही, नुसती अक्षरं उरतात. ब्रिटिशांनी निराळं टोक गाठलं. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९३० साली कोडं सुरू केलं आणि पुढे कित्येक दशकं, राजा किंवा राणी सोडून कोणत्याही हयात व्यक्तीचं नाव कोड्यात घ्यायचं नाही, असा दंडक पाळला. सोवळं जरा जास्तच कडक म्हणायचं, पण त्यामुळे कोडेकारांना भाषेकडेच वळावं लागलं.

या दोन्ही परंपरांचा दुवा एका नाटकवाल्यानेच जुळवला, ही गोष्ट इथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. स्टीव्हन सॉन्डहाइम म्हणजे ‘वेस्ट साइड स्टोरी’ची गाणी लिहिणारे आणि पुढे अमेरिकन संगीत रंगभूमीचा चेहरा बदलणारे संगीतकार. १९६८-६९ मध्ये त्यांनी ‘न्यूयॉर्क’ साप्ताहिकासाठी ब्रिटिश वळणाची गूढ कोडी रचली. अमेरिकन कोडी किरकोळ माहितीची उजळणी करून घेतात, खरं कोडं शब्दांच्या खोड्यांतून सुटलं पाहिजे, असा त्यांचा आक्षेप होता. ज्याला नाटकातल्या नावांची काहीच वाण नव्हती, त्याच माणसाने नावांपेक्षा शब्दांच्या खेळाला वरचं पान दिलं.

मराठीत मात्र इंग्रजीची सगळी हत्यारं चालत नाहीत. इंग्रजी गूढ कोडं बरंचसं अक्षरांच्या उलटापालटीवर उभं असतं. आपली जाळी अक्षरांची: काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सगळं एकाच चौकोनात. ‘सूत्रधार’ची चार अक्षरं कशीही पिसली तरी दुसरा शब्द निघत नाही. नट उलटा केला तर टन मिळतो, पण ती गंमत एकदाच. मराठीचं बळ श्लेषात आहे, आणि श्लेषासाठी रंगभूमीइतकं सुपीक रान दुसरं नाही. कारण आपल्या नाटकाने स्वतःचे शब्द शेतातून, आखाड्यातून, देवळातून, व्याकरणातून उचलले, आणि राजकारणापासून गुन्हेवृत्तापर्यंत सगळ्यांना उसने दिले.

‘प्रयोग’ घ्या. ‘नाटकाचा खेळ’ असा क्लू दिला तर शब्द मिळतो, मजा मिळत नाही. ‘कर्तरी असतो, कर्मणी असतो, शंभरावाही असतो’ असं विचारलं की शाळेतलं व्याकरण आणि नाट्यगृहाबाहेरची पाटी एका ओळीत येतात, आणि उत्तर सुटताना वाचकाच्या चेहऱ्यावर जे हसू येतं त्यासाठीच तर माणूस कोडं सोडवतो. ‘तालीम’ हा तर कोल्हापूरकरांनी आणि नाटकवाल्यांनी वाटून घेतलेला शब्द: ‘पैलवान हिच्यात घुमतो, नट हिच्यात चुकतो’. ‘तबल्याची मिळते, तापाची येते’ म्हटलं की ‘साथ’. ‘नदीला असतं, नाटकातही असतं, नोकरीसाठी उमेदवाराला असावं लागतं’ म्हटलं की ‘पात्र’. ‘अंक’ हा दिवाळीत येतो, गणितात येतो आणि संगीत नाटकात चार-पाच वेळा येतो. तमाशाकडे वळलं तर आणखी मौज. ‘गण’ म्हणजे वृत्तांत आठ, तमाशात पहिला, आणि पंचायत समितीच्या निवडणुकीत मतदारांचा. ‘फड’ म्हटलं की ऊसतोडीची टोळीही तिकडेच निघते आणि ढोलकीचा शौकीनही. यातल्या एकाही क्लूसाठी नाट्यशास्त्राची पदवी लागत नाही. लागते ती फक्त मराठी, तीही रोजच्या वापरातली.

रोजच्या वापरातली हे उगाच म्हटलेलं नाही. ज्या वर्तमानपत्रात कोडं छापलं जातं त्याच वर्तमानपत्राची पानं चाळा. दरोड्याचा ‘सूत्रधार’ फरार असतो, आघाडीच्या फुटीची ‘नांदी’ होते, वादावर ‘पडदा’ पडतो, पक्षाने ‘भूमिका’ स्पष्ट करावी अशी मागणी होते, आणि नेत्याने आजारपणाचं ‘सोंग’ घेतल्याचा आरोपही होतो. बातमीदार हे शब्द न अडखळता वापरतो, वाचक न अडखळता वाचतो. मग कोडेकाराने यांच्यापैकी एखादा शब्द घेताना ‘नाट्यविषयक संज्ञा’ असा कोरडा क्लू लिहून हात का झटकावेत?

आता जाळीतलं गणित. मराठी कोडं रचणाऱ्याची खरी कसोटी जोडाक्षरावर लागते, कारण आडव्या शब्दातल्या जोडाक्षरावरून जाणारा उभा शब्दही तेच जोडाक्षर घेऊन यावा लागतो. या दृष्टीने पाहिलं तर रंगमंचाचे शब्द कमालीचे सोयीचे आहेत. ‘नेपथ्य’ आडवं टाकलं तर शेवटच्या चौकोनात ‘थ्य’ येतो. वरून ‘तथ्य’, ‘पथ्य’ किंवा ‘आतिथ्य’ सहज उतरतं. ‘भरतवाक्य’ पाच अक्षरांचं, ‘क्य’वर ‘ऐक्य’ किंवा ‘शक्य’ येऊन टेकतं. ‘सूत्रधार’मधल्या ‘त्र’ला मित्र, पत्र, चित्र अशी सोयरीक भरपूर. ‘रंगपट’, ‘कपडेपट’, ‘झालर’, ‘स्वगत’, ‘विदूषक’ यांत अडचणीचं काही नाहीच. अडतो तो एकटा ‘प्रॉम्प्टर’. त्याच्या मधल्या ‘म्प्ट’वरून सरळ उभा शब्द काढून दाखवणाऱ्याला मी नारळ द्यायला तयार आहे, तो चौकोन एकटाच सोडावा लागतो. याच्या तुलनेत नटांची पूर्ण नावं सहा-सात चौकोन खातात आणि उरलेल्या जाळीची वाट लावतात. म्हणजे सोय म्हणून नावं वापरतो, ही सबबही मराठीत टिकत नाही.

शब्द घेतला की तो नीट घ्यावा, हे मात्र सांगायला हवं, कारण शब्दकोश उघडून क्लू लिहिणाऱ्यांची इथेच फसगत होते. ‘नेपथ्य’ म्हणजे पडद्यामागची, वेशभूषेची जागा, हा संस्कृत नाटकातला अर्थ. आजच्या मराठी नाटकाच्या जाहिरातीत ‘नेपथ्य’ या शब्दापुढे ज्याचं नाव असतं त्याने रंगमंचावरचं घर, अंगण, जिना उभा केलेला असतो. आणि नट जिथे रंग लावतात त्या खोलीला नाटकवाले ‘रंगपट’ म्हणतात. ‘सूत्रधारा’चंही तेच. संगीत नाटकात तो नांदीनंतर नटीला घेऊन प्रेक्षकांसमोर येतो. आजच्या व्यावसायिक नाटकात ‘सूत्रधार’ म्हणजे तारखा, गाडी, नाट्यगृह, कलाकार यांची मोट बांधणारा व्यवस्थापक. जाहिरातीत त्याचं नाव ठळक असतं आणि रंगमंचावर तो दिसत नाही. या एका बदलातूनच उत्तम क्लू तयार होतो: ‘पूर्वी नांदीनंतर दिसायचा, आता फक्त जाहिरातीत दिसतो’. आणि ‘विनोदी पात्र’ या एका क्लूखाली विदूषक, सोंगाड्या आणि नाच्या यांना सरसकट कोंबणं तर थांबलंच पाहिजे. विदूषक राजाचा खादाड मित्र, सोंगाड्या तमाशाच्या वगातला हजरजबाबी, आणि नाच्या हा त्याच तमाशातला स्त्रीवेषातला पुरुष. तिघे तीन गावचे. चुकीचा क्लू अवघड क्लूपेक्षा वाईट, कारण तो वाचकाला खोटं शिकवतो.

तरीही नटांचं काय करायचं? त्यांना घ्यावंच, पण त्यांच्या कामावरून. ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली आलं आणि फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकरांनी एकट्याने पाच रूपं उभी केली. ‘फिरत्या रंगमंचावर न गरगरणारा पंचरूपी लखोबा’ म्हटलं तर उत्तराबरोबर नाटकही आठवतं. १९२१ सालच्या ‘संयुक्त मानापमान’मधला धैर्यधर विचारला तर केशवराव भोसले येतात, भामिनी विचारली तर बालगंधर्व, आणि टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर आल्या होत्या, हेही एखादा नवा वाचक शोधून काढतो. शिवाय मराठी आडनावांनी कोडेकारावर जी मेहेरबानी केली आहे, तिचा फायदा फारसा कोणी घेताना दिसत नाही. लागू, फुले, दाते, फाटक, भोळे, सराफ. एकेक आडनाव म्हणजे तयार श्लेष. ‘परडीतली असोत वा सखाराम बाइंडरमधली, दोन्ही निळी असू शकतात’ या ओळीत निळू फुले आहेत. ‘नियम होतो तो आणि १९७० साली आप्पासाहेब बेलवलकर झाले ते’ म्हणजे लागू. इथे सालाला महत्त्व आहे, कारण ‘नटसम्राट’मधले आप्पासाहेब पुढे दत्ता भटांसह इतरांनीही केले, साल न देता विचारलं तर वाचकावर अन्याय होईल. ‘रेल्वे येताना बंद होतं, नानासाहेब आले की नाट्यगृह उघडतं’ म्हणजे फाटक. आडनावावर कोटी करणं हा कलावंताचा अपमान, असं कोणी म्हणेल, तर त्याने श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून आचार्य अत्र्यांपर्यंतची नाटकं आठवावीत. आपली रंगभूमी कोटीवरच तर पोसली. म्हणून हा खेळ इंग्रजीची नक्कल आहे हा आरोपही मला पटत नाही. हुमाण घालणाऱ्या बायकांना आणि कूट रचणाऱ्या संतांना लंडनच्या ‘टाइम्स’ची शिकवणी लागली नव्हती.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. नव्या वाचकाने नाटक फारसं पाहिलेलं नसतं. त्याला जनांतिक, भरतवाक्य, दर्शनी पडदा विचारले तर तो कोडं बाजूला ठेवून मोबाइल उचलेल. यात तथ्य आहे, पण त्याचा रोख चुकतो. त्या वाचकाला पाडणारा क्लू जुन्या नावाचा असतो. गणपतराव बोडस हे नाव ऐकलेलं नसेल तर ते विचार करून सापडत नाही. उभे शब्द सोडवून दोन अक्षरं हाती आली तरी तिसरं अंदाजाने भरावं लागतं. याउलट ‘साथ’ किंवा ‘प्रयोग’ हे शब्द त्याच्याकडे असतातच, फक्त त्यांचा रंगमंचावरचा अर्थ त्याला नव्याने भेटतो. म्हणून मी नियम असा सुचवेन: जिथे उत्तर नाव आहे, तिथे त्या नावाच्या अक्षरांवरून जाणारे शब्द सोपे आणि रोजचे असावेत, आणि जिथे उत्तर दुर्मीळ संज्ञा आहे, तिथे क्लूमध्येच तिच्याकडे जाण्याची वाट असावी. ‘जनांतिक’ विचारायचं असेल तर ‘रंगमंचावर दोघांनी केलेली कुजबुज, जी हजार प्रेक्षकांना ऐकू जाते पण शेजारी उभ्या तिसऱ्याला नाही’ असं लिहा. शब्द माहीत नसला तरी वाचकाला त्यातली गंमत कळते, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर पाहिल्यावर तो विसरत नाही.

विंग, एंट्री, ब्लॅकआउट, वन्स मोअर, नाइट हे इंग्रजी शब्द मराठी कोड्यात कशाला, असंही विचारलं जातं. कोशात बसत नसतील, पण रंगमंचामागे दुसरे शब्द चालत नाहीत. नट ‘विंगेत’ उभा असतो, पार्श्वभागी नसतो. आणि प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनाला नाटकवाले ‘नाइट’ म्हणतात, तेव्हा ‘दुपारच्या प्रयोगालाही नटाला मिळते ती’ हा क्लू मराठीशिवाय कोणत्या भाषेत होणार? अडचण फक्त शुद्धलेखनाची आहे. नाइट की नाईट, हाऊसफुल्ल की हाउसफुल, यावर एकमत नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ बदललं की चौकोनातलं अक्षर बदलतं. त्या वर्तमानपत्राची लेखनाची जी पद्धत असेल ती पाळावी आणि तो वादग्रस्त चौकोन उभ्या शब्दाच्या वाटेत आणू नये. भाषाशुद्धीची लढाई शब्दकोड्यात लढू नये, एवढंच.

सर्वांत वजनदार आक्षेप पुण्या-मुंबईबाहेरच्या वाचकाचा आहे, आणि त्याला उत्तर देण्यापेक्षा तो मान्य करणं बरं. आपण रंगभूमी म्हणतो तेव्हा शिवाजी मंदिर आणि बालगंधर्व रंगमंदिर डोळ्यांपुढे आणतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या वाचकासाठी रंगभूमी म्हणजे झाडीपट्टी: दिवाळीनंतर मंडई भरली, शंकरपट झाला की रात्रभर चालणारं नाटक, आणि त्यासाठी कंपनी ठरवायला वडसा गाठणं. सिंधुदुर्गात ती म्हणजे दशावतार, जिथे लिखित संहितेशिवाय नट पहाटेपर्यंत संवाद रचत राहतात आणि संकासुर लहान मुलांना घाबरवून जातो. गोव्यात देवळांच्या उत्सवांतून मराठी नाटकं होतात. दंडार, खडी गंमत, नमन-खेळे, बतावणी, झीलकरी, राहुटी हे शब्द कोड्यांत किती वेळा दिसतात? नटांच्या नावांची यादी शहरी प्रसिद्धीवर बनते, म्हणून ती एकाच बाजूला झुकलेली असते. कामाचे शब्द घेतले की हा तोल आपोआप सुधारतो. ‘दंडार’ पुण्याच्या वाचकाला अडवेल, ‘रंगपट’ वडशाच्या. दोघांनी एकमेकांचे थोडे शब्द शिकावेत.

राहिला प्रश्न, सकाळच्या चहाबरोबरच्या विरंगुळ्यावर एवढा काथ्याकूट कशासाठी. विरंगुळा आहे म्हणूनच. पूर्णवेळ लेखक नसलेली, बरीचशी अनामिक माणसं रोज कोडं रचतात. नाटकाच्या जाहिरातीत प्रकाशयोजनेपासून रंगभूषेपर्यंत प्रत्येकाचं नाव येतं, कोड्याखाली क्वचितच कोणाचं. संपादकांनी ते नाव छापावं, मग कोडेकारही क्लूची जबाबदारी घेतील. आणि एक करून पाहावं. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. त्या दिवशीचं कोडं सबंध रंगमंचावर रचावं: पडदा ओढणारा, दिवे टाकणारा, कपडेपट सांभाळणारा, ढोलकीवाला, झीलकरी, सगळे त्यात असावेत, आणि नटाचं नाव एकही नसावं. वाचकांची पत्रं येतील. त्यांतली निम्मी चुका दाखवणारी असतील, तीही छापावीत.